टॅपिंग फुकटच असतं, पैसे श्रद्धेचे घेतात

‘प्रार्थना आणि टॅपिंगने बालपणीच्या अत्याचाराची जखम भरा’ अशा अमेरिकी ऑनलाइन कोर्समध्ये जे शिकवतात ते दहा मिनिटांचं काम आहे. टॅपिंग म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बोटांनी टकटक करणं. आठवण मनात आणून त्रासाला 0 ते 10 मध्ये आकडा द्यायचा. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर टकटक करत तीनदा म्हणायचं, ‘हा त्रास असला तरी मी स्वतःला पूर्ण स्वीकारते.’ मग भुवईचं आतलं टोक, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, कॉलरबोन, काखेखाली, डोक्याचा माथा. प्रत्येक जागी दोन बोटांनी पाच-सात वेळा. पुन्हा आकडा. ख्रिस्ती आवृत्तीत वाक्याचा शेवट ‘देव माझ्यावर प्रेम करतो’ असा होतो, बाकी सगळं तेच.

मूळ पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलाहन यांची. त्यांच्याकडे तक्रारीनुसार बिंदूंचा क्रम वेगळा असे आणि फोनवरच्या आवाजावरून तो क्रम ओळखण्याचं प्रशिक्षण ते 1 लाख डॉलरला विकत. त्यांच्याकडेच शिकलेले इंजिनिअर गॅरी क्रेग यांनी 1990च्या दशकात सगळ्यांसाठी एकच क्रम ठेवला, आणि लोकांना तरीही बरं वाटलं! 2003 मध्ये कॅनडातल्या वेट आणि होल्डर यांच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी ठरलेल्या बिंदूंवर, काहींनी हातावरच्या भलत्याच जागी, तर काहींनी चक्क बाहुलीवर टॅपिंग केलं. भीती तिन्ही गटांत कमी झाली. बरं वाटणं खोटं नाही, पण त्यासाठी त्या बिंदूंचीच गरज दिसत नाही.

फसवणूक सुरू होते ती त्या आकड्यापासून. पहिलं सत्र मोफत असतं. त्यात किरकोळ आठवण घ्यायला लावतात, 8 चा 3 होतो, तो चॅटमध्ये लिहून घेतात आणि तीच पुढे ‘साक्ष’ म्हणून जाहिरातीत येते. दोन दिवसांनी आकडा परत चढतो, हे अगदी अपेक्षित आहे. मग ऐकवतात की श्रद्धा कमी पडली, तू अजून अत्याचार करणाऱ्याला क्षमा केली नाहीस, पुढची पातळी घे. उतरला तर टॅपिंगचा गुण, चढला तर तुमचा दोष. लहानपणापासून ‘चूक माझीच’ असं मानत आलेल्या माणसाला हे लगेच पटतं, म्हणून गिऱ्हाईक टिकतं.

पैशांपेक्षा वाईट प्रकार झूमवरच्या गटात घडतो. थेट मोठ्या आठवणीला हात घालतात, श्वास अडकतो, अंग बधिर पडतं, आणि सत्र घेणारा म्हणतो, ‘देव बाहेर काढतोय, थांबू नका.’ प्रशिक्षित थेरपिस्ट तिथेच थांबवतो. आठवणीकडे वळण्याआधी तो माणसाला सावरायला शिकवतो. ‘आणखी काय झालं ते देवाला दाखवायला सांग’ असं कुणी म्हणालं तर कॉल बंद करा. अशा सूचनांमधून न घडलेल्या आठवणीही तयार होतात.

पैसे भरण्याआधी विचारा: परवाना कुठला (भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी, अमेरिकेत राज्याचा परवाना), रेकॉर्डिंग कुणाकडे राहतं, परताव्याची अट लेखी आहे का. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये आघातानंतरच्या विकारासाठी (पीटीएसडी) आघात-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणुकीवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या आधारे आठवणीवर काम करणारी थेरपी) सुचवलं आहे. प्रार्थना करायची तर त्याच्या जोडीला खुशाल करा.

पैसे गेले असतील तर पावत्या आणि चॅट जपून ठेवा, कार्डाच्या बँकेकडे लगेच वाद नोंदवा. भारतातून ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी 1930 वर फोन करा. मन सैरभैर झालं तर सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली-मानस 14416, अमेरिकेत 988.