साताऱ्यात टर्बो रिपेअर: नवीन घ्यायच्या आधी इथं दाखवा

बामणोली साइडला सिमेंट-सळई टाकतो आम्ही, तर यवतेश्वर घाटात भरलेली पिकअप सेकंडला पण ओढेना झाली होती, मागं निळा धूर, बोनेटखालनं शिट्टीसारखा आवाज आणि दर चार दिवसाला ऑइल कमी. एका गॅरेजवाल्यानं आवाज ऐकूनच सांगितलं, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पार्ट) गेला, नवीन टाका, ३५ हजार. मग ओळखीच्या ड्रायव्हरनं एमआयडीसीतल्या या टर्बोवाल्या मिस्त्रींकडं पाठवलं.

मिस्त्रींनी आधी होज पाइप कुठं फाटलाय का बघितलं, मग हवेचा पाइप काढून टर्बोच्या शाफ्टचं, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्याचं, टोक माझ्याच हातात दिलं. "दादा, बाजूला जरासं हललं तर चालतंय, ते ऑइलवर तरंगतं. आत-बाहेर हललं की मग संपलं." माझं चांगलंच आत-बाहेर हलत होतं.

पण मला आवडलं ते पुढचं. म्हणाले, का गेला ते बघू, नायतर नवीन बसवला तरी तो पण जाईल. ऑइल येणारा बारका पाइप काढला तर आत कार्बन धरून निम्मा बंद! टर्बोत सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुरावर एक चाक फिरतं, त्याच शाफ्टवरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं, मिनिटाला लाखाच्या वर फेरे, आणि हे सगळं ऑइलच्या पातळ थरावर. आणि आम्ही घाट चढून वर आलो की लगेच चावी बंद करायचो, मग ऑइल जागच्या जागी करपतं. टर्बो म्हणजे १९०५ ला आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं पेटंट घेतलेली गोष्ट ही, पण गाडी देताना एवढी साधी सूचना आम्हाला कोणी दिली नव्हती, याचा खरंच राग येतो.

हाउसिंग, म्हणजे टर्बोचं बाहेरचं कवच, तेच ठेवलं, आतलं कार्ट्रिज (शाफ्ट-चाकांचा संच) बदललं, ऑइलचा पाइप, ऑइल, फिल्टर नवीन, इंटरकूलरमधलं (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) साठलेलं ऑइल पण धुऊन काढलं. सगळं मिळून साडेचौदा हजार, जुने पार्ट परत दिले, बिल पक्कं. एक दिवस सांगून तीन दिवस लावले आणि फोन उचलत नाहीत, तेवढं सुधारायला पाहिजे, आमचा धंदा अडतो.

ट्रायलला स्वतः सोबत आले, ४० पोती भरून. त्याच वळणावर थर्डला गाडी चढली, धूर नाही. वर पोचल्यावर मी चावीला हात घातला तर त्यांनी धरला, मिनिटभर चालू राहू दे म्हणाले.