मतदानाआधी एकदा ‘मायनेता’ उघडाच

मी साताऱ्यात एका छोट्या ट्रस्टमध्ये काम करते. मतदार नोंदणी आणि मतदार जागृती करणाऱ्या गटांना आम्ही निधी देतो. तो कुठे लागला हे गावोगाव जाऊन बघणं ही माझी नोकरी. या आठ वर्षांत ‘मायनेता’ या वेबसाइटइतकं कशानेच माझं काम सोपं केलं नाही.

ती चालवते असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स. ही संस्था अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी काढली आणि उमेदवारांची माहिती मतदारांना मिळावी म्हणून १९९९ मध्ये ते कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रात लिहून देणं भाग पडलं. तीच प्रतिज्ञापत्रं इथे मतदारसंघानुसार, फुकट वाचायला मिळतात.

२०२४ च्या विधानसभेआधी माण तालुक्यातल्या एका समाजमंदिरात बचत गटाच्या बायका जमल्या होत्या. मी उघडलेली पानं इंग्रजीत होती, म्हणून आदल्या रात्री बसून मराठीत उतरवून नेली होती. शेती, गाड्या, ठेवी वाचून झाल्या, कुणी फारसं बोललं नाही. मग मागून एक आजी म्हणाल्या, “ताई, बायकोच्या अंगावरचं सोनं किती लिवलंय, ते वाचा.” तोही रकाना असतो, कारण जोडीदाराची मालमत्ताही जाहीर करावी लागते. मी ग्रॅम सांगितले, आजींनी तोळ्यांत हिशेब केला आणि सगळ्याजणी पुढे सरकून बसल्या. “आन् मागल्या बारीला किती व्हतं?” हा पुढचा प्रश्न त्यांचाच. पुन्हा उभ्या राहिलेल्या उमेदवाराची जुनी प्रतिज्ञापत्रंही इथे सापडतात, ही मला या साइटची सगळ्यात मोठी ताकद वाटते.

एक गोष्ट मी प्रत्येक सभेत सांगते: दाखल गुन्हा म्हणजे शिक्षा नव्हे आणि मालमत्तेचे आकडे उमेदवाराने स्वतः दिलेले असतात. म्हणून गोषवाऱ्यावर थांबू नका, मूळ प्रतिज्ञापत्र उघडून बघा.

या कामाला पैसे उभे करणं फार जड जातं. एका कंपनीतले साहेब मला म्हणाले होते, “शाळेला बाकं द्या, झाडं लावा, हे निवडणुकीचं नको.” आमचा बराचसा खर्च निवृत्त शिक्षकांच्या पाचशे-हजारांच्या देणग्यांवर भागतो आणि गटांकडून आम्ही चहाच्या बिलाचाही हिशेब घेतो. म्हणूनच राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देता येणारे निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, तेव्हा मला मनापासून समाधान वाटलं. त्या खटल्यातही हीच संस्था याचिकाकर्ती होती.

पाचपैकी पाच तारे. मोबाइलवर लांबलचक तक्ते वाचताना डोळे दुखतात, तेव्हा जमलं तर कॉम्प्युटरवर उघडा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून वाचून दाखवा. कुठला रकाना बघायचा ते तीच माणसं सांगतील.