सदरची भट्टी आणि नाताळचे डबे

नागपूरच्या सदर भागातल्या एका गल्लीत जुनी बेकरी आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रारही येणार आहे आणि ती भट्टी सांभाळणाऱ्या चाचांशी समोरासमोर बोलून झाली आहे. ज्यांच्या घरी नाताळ असतो त्यांना गल्ली बरोबर कळेल. पाव, टोस्ट, खारी तिथं बारा महिने मिळतात. मी लिहिते आहे ते डिसेंबरातल्या कामाबद्दल. सामान आपलं, भट्टी त्यांची. मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन जायचं, ते मळून नानकटाई भाजून देतात. केकचं मिश्रण मात्र घरूनच टिनात भरून न्यायचं. यंदाचा दर मैद्याच्या किलोमागे ८० रुपये आणि केकच्या टिनामागे ४० रुपये होता.

लहानपणी आई मला सायकलच्या कॅरिअरला टिन बांधून अशाच भट्टीवर पाठवायची. आमच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळेही होतात, पण ते सगळं घरच्या कढईत. केक आणि नानकटाई मात्र भट्टीची. नंतर लग्न झालं, नोकरी आली, ओव्हन आला आणि भट्टी सुटली ती सुटलीच. घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी सोळा नानकटाया बसतात. अकरा घरी डबे द्यायचे तर दिवसभर त्याच्यासमोर उभं राहायचं आणि तरी कडेच्या लाल, मधल्या पांढऱ्या. म्हणून यंदा पुन्हा भट्टीवर गेले.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. मागच्या नाताळनंतर माझी भाची म्हणाली, "आत्या, खरं सांगू? घरचं दिलं की लोक तोंडावर छान म्हणतात, पण कधी बनवलं, कशात बनवलं, किती दिवस टिकेल, काहीच कळत नाही. मग ते तसंच पडून राहते." मला लागलं ते. रात्रभर डोक्यात राहिलं. त्याच नाताळात आमच्याकडे एका मोठ्या दुकानाची भेटटोपली आली होती. रिबीन, कागदाचं गवत, सगळं देखणं, पण आतल्या केकची मुदत संपायला सहाच दिवस उरले होते. मला राग आला होता. मग लक्षात आलं की त्या केकवर निदान तारीख होती. माझ्या डब्यावर तीही नव्हती.

म्हणून यंदा नोव्हेंबरातच अकरा घरी फोन केले आणि सरळ विचारलं, नाताळला घरचं काही दिलं तर चालेल का, आणि काय चालेल? विचारायला संकोच वाटला. आपल्याकडे भेट विचारून देत नाहीत. पण उत्तरं इतकी मोकळी आली की मी वहीत लिहून ठेवली. वहिनी म्हणाली, "वस्तू नका देऊ ताई, घरात ठेवायला जागा नाही. खायचं द्या." दोन वर्षांपूर्वी मी तिला क्रोशाचे टेबलमॅट विणून दिले होते आणि ते कधीच टेबलावर दिसले नव्हते. त्याचं कारण मला आता कळलं. ते दडवून ठेवण्यापेक्षा तिनं सांगितलं याचं मला बरंच वाटलं. आमच्या जुन्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणाल्या, "पोरी, साखर बंद करून टाकली डॉक्टरनं." त्यांच्यासाठी जवसाची चटणी केली. एका घरानं स्पष्ट नाही म्हटलं. नाताळात त्यांचं कोणीच घरात नसणार होतं, सगळे गोव्याला जाऊन राहणार होते.

शेजारच्या मारवाडी भाभींशी बोलणं सगळ्यात लांबलं. नानकटाईत अंडं नाही हे मी सांगितलंच, पण त्याच भट्टीत अंड्याचे केकही भाजतात हेही सांगितलं. हे न सांगता डबा देणं मला जमलं नसतं. त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, पोरं खातील, सासूबाईंना मात्र चालणार नाही. मग सासूबाईंसाठी मी संत्र्याच्या सालींचा मुरंबा घरच्या स्टीलच्या पातेल्यात केला. डिसेंबरात कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची, म्हणजे वर्षाअखेरीच्या तोडणीची, संत्री येतात. आपल्या संत्र्याची साल सैल आणि पातळ, आतला पांढरा भाग थोडा. तरी कडवटपणा असतोच. साली तीनदा उकळून दरवेळी पाणी फेकून दिलं, मग पाकात शिजवल्या, अर्ध्या पाकासकट बाटलीत भरल्या आणि उरलेल्या जाळीवर सुकवून केकसाठी ठेवल्या. बाजारातली टूटीफ्रूटी म्हणजे साखरेत शिजवलेली कच्ची पपई, तिला स्वतःचा वास नसतो. सालीचा वास डबा उघडला की आधी नाकात येतो.

आता भट्टी. २२ डिसेंबरला सकाळी साडेसहाला पोचले. गारठा असा की हात खिशातून काढवेना, आणि आत शिरलं की ऊब. मी दोन किलो मैदा, दीड किलो पिठीसाखर आणि दीड किलो साजूक तूप नेलं होतं. तुपालाच हजाराच्या वर गेले. घरचं म्हणजे स्वस्त, असं ज्यांना वाटते त्यांनी एकदा हा हिशोब करून पाहावा. चाचांनी माझ्यासमोर वजन केलं आणि तूप-साखर हातानं फेसायला घेतली, पार पांढरी होईपर्यंत. मला घाई झाली होती. ते म्हणाले, "भट्टी उतरू द्या ताई. आता टाकलं तर वरून जळते अन् आत कच्चं राहते." रात्री लाकडं घालून तापवलेल्या विटांची पहिली कडक आच पावाला जाते. पाव निघाले की भट्टी हळूहळू उतरते, मग नानकटाई, आणि अगदी मऊ आच झाली की केक. माझे नानकटाईचे पत्रे केकच्या आधी, वेगळे लावा म्हणून विनंती केली आणि त्यांनी ती पाळली. लांब दांड्याच्या फावड्यानं ते पत्रे आत सरकवतात आणि मधे एकदा फिरवतात. घड्याळ पाहिलेलं मला दिसलं नाही.

दोनशेच्या वर नानकटाया निघाल्या. वर बारीक भेगा, खालून बदामी, हातात धरली की टिकते आणि तोंडात घातली की विरघळते. माझ्या ओव्हनला हे वीस वर्षांत जमलं नाही, आणि मी मनापासून प्रयत्न केले आहेत.

तक्रार केकची. चार टिन दिले होते, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. घरी येऊन एक कापला तर आत काजू आणि टूटीफ्रूटी! माझ्यात संत्र्याची साल आणि मनुका, काजू नाहीच. म्हणजे कोणाचा तरी टिन माझ्याकडे आणि माझा त्यांच्याकडे. चिठ्ठ्या आचेनं वाळून गळून पडतात आणि गर्दीत अंदाजानं परत लावल्या जातात. त्या घरी कोणाला काही चालत नसतं तर? मी लगेच परत गेले. चाचांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी त्या दुसऱ्या बाईंचं घर शोधून माझा टिन परत आणला. मी कापलेला केक त्या बाईंना नको होता, तर चाचा मला त्याचे पैसेही देऊ लागले. मी घेतले नाहीत, पण पद्धत बदला एवढं सांगितलं. तोवर तुम्ही एक करा. टिनाच्या बुडाला खिळ्यानं स्वतःचं अक्षर कोरून न्या. आणि नाताळआधीच्या शेवटच्या तीन दिवसांत जाऊ नका, तेव्हा दारापर्यंत टिन रचलेले असतात.

डबे दिले ते प्रत्येकावर चिठ्ठी लावून. कधी केलं, काय घातलं, कुठे भाजलं, किती दिवसांत संपवायचं. नानकटाईला घट्ट झाकणात पंधरा दिवस लिहिले. उरलेल्या नानकटाया २३ तारखेच्या रात्री कॅरल गात आलेल्या पोरांनी दारातच संपवल्या. भाचीनं डबा उलटसुलट करून चिठ्ठी वाचली आणि तिथंच उभ्या उभ्या दोन खाल्ल्या. वहिनीचा फोन तिसऱ्या दिवशी आला, डबा संपला म्हणून. जुन्या बाईंनी चटणी भाकरीबरोबर खाल्ली आणि लसूण थोडा कमी घाल म्हणाल्या. भाभींच्या सासूबाईंनी मुरंब्याची बाटली मेथीच्या लाडवांनी भरून परत पाठवली. चार लाडू जेमतेम बसले होते, दाबून.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी. साडेसहा ते आठ सामान घेतात, माल साडेअकरानंतर देतात, दुपारी बारा ते दोन बंद. पैसे रोख. जाड कापडाची पिशवी न्या, टिन हातात धरवत नाहीत. पुढच्या वर्षीसाठी मी १८ डिसेंबर सांगून ठेवला आहे, तीन किलोचा.