एमजीबीचा पुढचा स्वे बार: 16, 19 की 22 मिमी?

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार वळणात कलते ती बिघाड म्हणून नाही, तिची ठेवणच तशी आहे. 1962 सालच्या या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग, वरच्या विशबोनचं (चाक धरणाऱ्या दांड्याचं) काम करणारे लिव्हर-आर्म डॅम्पर (जुन्या घडणीचे शॉक ॲब्झॉर्बर) आणि मागे लीफ स्प्रिंगवर बसलेला लाइव्ह ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस). 1974 च्या उत्तरार्धात रबरी बंपर आले तेव्हा अमेरिकी नियमांपायी गाडी उंच केली गेली, आणि वर खर्च वाचवायला रोडस्टरचा (उघड्या टपाच्या गाडीचा) पुढचा स्वे बारच (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडून गाडीचं कलणं आवरणारी पोलादी सळई) काढून टाकला. उंची वाढवायची आणि त्याच वेळी बार काढायचा, हा निर्णय कागदावर कसा पास झाला कोण जाणे. 1977 च्या मॉडेलसाठी कंपनीने सस्पेन्शनमध्ये पुन्हा हात घातला आणि बार परत दिला. मधल्या वर्षांतल्या गाड्या मात्र आजही वळणावर होडीसारख्या डोलतात, आणि बाजारातला पुढच्या बारचा किट पहिल्यांदा त्यांचेच मालक शोधतात.

किट प्रामुख्याने तीन जाडीत मिळतात: 5/8, 3/4 आणि 7/8 इंच, म्हणजे साधारण 16, 19 आणि 22 मिमी. अनेक गाड्यांवर कंपनीचा मूळ बार 9/16 इंचाचा होता. आकडे बघून फरक किरकोळ वाटतो आणि निवड तिथेच चुकते. ठोस बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी आकार तोच ठेवला तर 9/16 च्या तुलनेत 5/8 चा बार दीडपट ताठ, 3/4 चा तिपटीहून थोडा जास्त आणि 7/8 चा जवळजवळ सहापट. गाडीचं कलणं अर्थातच सहापट कमी होत नाही, कारण त्यात स्प्रिंगचाही वाटा असतो. पण बारच्या टोकांवर आणि तो जिथे चेसिसला धरलाय त्या जागांवर येणारा जोर याच हिशेबाने चढतो.

रस्त्यावर चालणाऱ्या, मूळ किंवा किंचित कडक स्प्रिंग असलेल्या गाडीला आमचं मत 19 मिमीला. 16 मिमीचा बार अरुंद चाकं आणि जुन्या घडणीचे टायर असलेल्या गाडीला शोभतो. ज्या गाडीत बारच नव्हता तिला तर तेवढ्यानेही मोठा फरक पडतो. 22 चा बार कडक स्प्रिंग, चिकट टायर आणि ट्रॅकवरचा वापर हे तिन्ही असेल तरच घ्यावा. मूळ स्प्रिंगवर तो चढवला की ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग फिरवूनही नाक सरळच जातं. एका चाकाखाली खड्डा आला तर दुसऱ्या चाकालाही त्याचा हिसका पोचतो आणि बसणाऱ्याचं डोकं डावी-उजवीकडे हलतं.

पुढचा बार ताठ केला की गाडी अंडरस्टिअर करणार (स्टिअरिंग फिरवलं त्याहून कमी वळणार), हे सगळे सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. वळणात पुढच्या आतल्या चाकावरचं वजन बाहेरच्यावर जास्त सरकतं, त्यामुळे पुढच्या टायरांची एकूण पकड घटते, हे बरोबर. पण एमजीबीत शरीर कललं की बाहेरचं पुढचं चाकही त्याच्याबरोबर बाहेरच्या अंगाला झुकतं आणि टायर कडेवर घासतो. कलणं आवरलं की तोच टायर रस्त्यावर सपाट बसतो. म्हणून 19 मिमीपर्यंत पुढची पकड उलट सुधारू शकते, त्यापुढे पहिला परिणाम दुसऱ्याला खाऊन टाकतो. टायरची बाहेरची कड आतल्यापेक्षा लवकर गुळगुळीत होत असेल तर गाडी अजून जास्त कलतेय असं समजावं. अर्थात हवा आणि टो (पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) आधी तपासून. या गाडीचा टो-इन 1.6 ते 2.4 मिमी असतो आणि बार बसवल्याने तो बदलत नाही.

मागचाही बार बरोबर घ्यावा का? मागे साधं डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) असेल तर घाई करू नये. मागचा बार ताठ झाला की वळणात आतलं मागचं चाक हलकं होतं आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की ते जागच्या जागी फिरतं. पुढचा बार मात्र ते चाक जमिनीवर टेकवून ठेवायला मदत करतो. एकच बार घ्यायचा तर पुढचाच, त्यामागे हे कारण आहे.

आता घडणीकडे. ठोस आणि एकाच सळईतून वाकवलेला बार रस्त्यासाठी पुरेसा आहे. पोकळ बार वजनात जिंकतो: 22 मिमी व्यास आणि 3 मिमी भिंत घेतली तर ताठपणा ठोसपेक्षा फक्त 28 टक्के कमी आणि वजन मात्र निम्म्याहून कमी. पण तो आतून गंजतो आणि ते बाहेरून दिसत नाही, म्हणून टोकं नीट बंद केलेली असावीत. तिसरा प्रकार म्हणजे सरळ नळी, दोन्ही टोकांना आटे किंवा स्प्लाइन (लांब खाचा) आणि वेगळे हात, म्हणजे टोकाचे वळलेले भाग. ताठपणा बदलण्याची सोय छान, पण रोज चालवायच्या गाडीला ती चैन आहे आणि स्प्लाइन ढिली पडली की खडखड सुरू.

जाहिरातीत 'उच्च दर्जाच्या पोलादामुळे जास्त ताठ' असं लिहिलेलं असतं त्याकडे दुर्लक्ष करावं. साधं पोलाद असो की क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मिश्र पोलाद), दोन्हींची लवचिकता जवळजवळ सारखीच. चांगलं स्प्रिंग स्टील घेतल्याने बार जास्त ताठ होत नाही. तो वाकून तसाच राहत नाही आणि लवकर तडकत नाही, एवढाच फायदा, पण तोही कमी नाही. बघायची जागा टोकांची आहे. सळईच चपटी करून भोक पाडलेलं टोक उत्तम. वेल्ड केलेली पट्टी असेल तर वेल्डच्या अगदी कडेला नखभर अंतरात तडा पडतो, कारण तिथलं पोलाद तापून बदललेलं असतं. त्याच कारणाने, बसत नाही म्हणून बार गॅसवर तापवून वाकवू नये. पावडर कोटिंग उडून गंजाचा खड्डा पडलेला वापरलेला बार स्वस्त मिळाला तरी नको, थकव्याचा (पुन्हा पुन्हा पीळ बसून पडणारा) तडा तिथूनच सुरू होतो.

बारच्या हातावर दोन-तीन भोकं असतील तर त्याचा हिशेब जमेल तेवढा समजून घ्या. लिंकच्या (बारचा हात सस्पेन्शनला जोडणाऱ्या दांडीच्या) भोकापासून बारच्या सरळ भागापर्यंतचं लंब अंतर 230 मिमीवरून 200 वर आणलं की तोच बार सुमारे 32 टक्के जास्त ताठ होतो. 19 मिमीचा बार सगळ्यात आतल्या भोकात लावणं म्हणजे जवळजवळ पुढची जाडी घेण्याच्या अर्ध्या वाटेवर पोचणं. म्हणून सुरुवात कायम बाहेरच्या भोकापासून.

किट उघडल्यावर पहिलं काम व्हर्नियर (जाडी मोजायचं कॅलिपर) लावण्याचं. मोजमाप सरळ भागावर घ्यायचं, कोटिंग खरवडून. मग बुश, म्हणजे ब्रॅकेटमध्ये बारला धरणारे रबरी किंवा पॉलियुरेथेनचे गट्टे. 19 च्या बारला 18 चा बुश दाबून बसवला की बार चिमटला जातो आणि गाडी विनाकारण कडक होते. तपासायची रीत सोपी: दोन्ही लिंक सोडा, ब्रॅकेट घट्ट करा, बारचं टोक हाताने वर-खाली करा. हाताच्या जोराने सहज हललं पाहिजे. अडकत असेल तर बुश किंवा ब्रॅकेट चुकीचं. पॉलियुरेथेनचा बुश कोरडा लावला तर काही दिवसांत करकरणार. त्याला सिलिकॉन किंवा टेफ्लॉनचं ग्रीस लावावं, आतून आणि बाहेरूनही. मूळ रबरी बुशांना खनिज तेलाचं ग्रीस लावू नये, रबर फुगून मऊ होतं.

एमजीबीत बार क्रॉसमेंबरच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या आडव्या तुळईच्या) पुढे चेसिस रेलला धरलेला असतो. किटमधलं ब्रॅकेट हातात घेऊन दाबून बघावं. पातळ पत्र्याचं असेल तर 19 चा बारही त्याला हळूहळू उघडतो. 22 चा बार घेणाऱ्याने रेलवरचा गंज खरवडून आतलं पोलाद धड आहे का बघावं. जुन्या पोर्शे 911 मध्ये बार शरीराच्या पत्र्यातून आरपार जातो तिथे तर जाड बार लावताना पत्र्याला जोडपट्टी वेल्ड केल्याशिवाय पत्रा फाटतो. एमजीबीत तेवढं नाही, पण तत्त्व तेच. आणखी एक: गाडीचे आटे यूएनएफ (इंच मापाचे बारीक आटे) आहेत. किटमध्ये मेट्रिक एम8 चे बोल्ट आले असतील तर 5/16 च्या नटात ते सुरुवातीला धरतात, मग अडकतात, आणि पाना लावून ओढले की आटे मरतात. जाडी जवळपास तीच असल्याने फसगत होते.

बार आडवा सरकू नये म्हणून बुशांच्या आतल्या बाजूला कॉलर लागतात. काही किटमध्ये त्या दिलेल्याच नसतात आणि आमच्या मते तो दोषच. कॉलर नसेल तर बार एका बाजूला सरकत जातो, एक लिंक तिरकी होते आणि हात चाकाच्या जवळ येतो. कॉलर आणि बुश यांच्यात एक मिमी फट ठेवावी.

लिंक हा किटचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. एमजीबीच्या मूळ लिंक डाव्या-उजव्या वेगळ्या असतात, त्या अदलाबदल होऊ देऊ नका. लांबी बदलता येणाऱ्या लिंक मिळाल्या तर जास्त पैसे द्यावेत, कारण त्यांनी बारवरचा आधीचा पीळ काढता येतो. गाडी सपाट जागेवर, चारही चाकं जमिनीवर, चालकाच्या वजनाइतकं ओझं सीटवर. एक लिंक पूर्ण बसवा. दुसरीची लांबी फिरवत राहा, बोल्ट बोटांनी आत सरकेपर्यंत. हातोडीने ठोकावा लागत असेल तर बारला पीळ आहे, आणि मग गाडी डावीकडे एका तऱ्हेने आणि उजवीकडे दुसऱ्या तऱ्हेने वळते. रोझ जॉइंट (गोळ्यावर फिरणारे धातूचे सांधे) असलेल्या लिंक अचूक असतात, पण धूळ-पाण्यात लवकर झिजतात. रस्त्यावर वापरायच्या तर त्यावर रबरी टोपी हवीच.

बसवून झालं की लगेच गाडी चालवू नका. मुलांची खेळायची माती घ्या, बोटाएवढे गोळे करा आणि बारच्या हाताला चाक, टाय रॉड (स्टिअरिंगची चाकाकडे जाणारी दांडी) आणि ब्रेक होसच्या समोर चिकटवा. जॅकने एकेक चाक पूर्ण वर, मग पूर्ण खाली, आणि दोन्ही वेळा स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत. गोळा 10 मिमीपेक्षा पातळ दबला असेल तर तिथे जागा कमी आहे. ऑइल कूलरचे होस बघायला विसरू नका.

रस्त्यावरची पहिली परीक्षा गतिरोधकावर. दोन्ही पुढची चाकं एकदम चढली तर गाडी आधी होती तशीच वाटली पाहिजे, कारण अशा वेळी बारला पीळ बसत नाही. कडक वाटली तर बुश चिमटलेत. मग एकाच बाजूच्या खड्ड्यातून न्या. तिथे थोडा जास्त हिसका येणारच. टकटक ऐकू आली तर लिंकचा वरचा बोल्ट ढिला, किंवा कॉलर सरकली.

झिजलेले विशबोनचे बुश, ग्रीस न भरलेले किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंट्या), तेल गेलेले डॅम्पर यांवर बार हा इलाज नाही. डॅम्पर गेलेल्या गाडीला 22 चा बार लावला तर ती कमी कलेल, पण खड्ड्यानंतर तितकीच उसळत राहील. ही कामं आधी करावीत आणि बारची ऑर्डर मग द्यावी. बऱ्याचदा त्यानंतर 16 मिमीचाच पुरेसा वाटतो. बसवल्यानंतर पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरला सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत, ब्रॅकेटचे आधी. कोटिंग दबून तेच सर्वात लवकर ढिले होतात.