‘सीएसआर’च्या नावाखाली माझे ५७,५६० रुपये लाटले

भवानी मंडपाजवळ माझं छोटं यात्री निवास आहे. दिवाळीनंतर गळ्यात संस्थेचं ओळखपत्र घातलेले एक गृहस्थ आले. मोठ्या हॉटेल कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपनीनं समाजासाठी खर्चायचा पैसा, आलाय म्हणाले. सांडपाणी पंचगंगेत जाऊ नये म्हणून शुद्धीकरण, छतावर सोलर, वर ‘ग्रीन’ सर्टिफिकेट. काम अडीच लाखांचं, आपला वाटा १५ टक्के.

नोंदणीचे ११,८०० घेतले, जीएसटी धरून. मग वाट्याचे ३७,५००. मग सर्टिफिकेटच्या तपासणीचे ८,२६०.

वाट्याचे पैसे पाठवताना मोबाईलवर संस्थेऐवजी एका माणसाचं नाव आलं. तिथंच पाल चुकचुकायला हवी होती! मी विचारलंही. “खजिनदारांचं खातं आहे साहेब, संस्थेच्या खात्याचं ऑडिट चालू आहे,” असं बिनधास्त उत्तर. काउंटरवर भाविकांची रांग, हातात शिक्क्याची पावती. अशा वेळी कुणीही पाठवलेच असते. पण ते नाव अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

सीए म्हणाले, कंपनी कायदा २०१३, कलम १३५ प्रमाणे सरासरी नफ्याचे किमान २ टक्के मोठ्या कंपन्यांनी समाजासाठी खर्च करायचे असतात. खासगी लॉजवर सोलर बसवणं त्यात बसतच नाही. अशी संस्था दारात आली की आधी तिचा सरकारकडचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक मागा. २०२१ पासून तो सक्तीचा आहे. कंपनीला स्वतः फोन करा, आलेल्या माणसानं दिलेल्या नंबरवर नको. सर्टिफिकेटवर ‘जीएसटीसी’चं (ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल, पर्यावरणपूरक पर्यटनाची जागतिक संस्था) नाव छापलं होतं. ती संस्था निकष ठरवते, हॉटेलांना स्वतः सर्टिफिकेट देतच नाही!

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर येऊन गेलाय, ठाण्यातच द्या. बँकेत, “तुम्हीच पाठवलेत ना?” पर्यटनाच्या कार्यालयात साहेब दौऱ्यावर, आणि अर्जावर पोच द्यायलाही कुणी तयार नाही. आम्ही कर भरतो, परवाने काढतो, पाहुण्यांच्या नोंदी ठेवतो. एक पोच मिळू नये? पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, उद्यावर टाकू नका. उशीर झाला की ते पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.

तोच माणूस आता राधानगरीकडं होमस्टेवाल्यांना गाठतोय असं कानावर आलंय. शिक्क्याची अशी पावती कुणाकडं असेल तर फाडू नका, मला कळवा. एकत्र अर्ज देऊ, पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.