फिनास्टेराइड की ड्युटास्टेराइड?

म्हापशापासून काणकोणपर्यंत प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेल्या रुग्णांच्या चिठ्ठीवर या दोन औषधांपैकी एकाचे नाव बरेचदा दिसते. फाइव्ह-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे डीएचटी (डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन) करते आणि डीएचटीमुळे प्रोस्टेट वाढते. दोन्ही औषधे याच एन्झाइमला अडवतात. फिनास्टेराइड (रोज ५ मिग्रॅ.) मुख्यतः या एन्झाइमचा टाइप २ हा प्रकार अडवते आणि रक्तातले डीएचटी सुमारे ७० टक्के उतरवते. ड्युटास्टेराइड (०.५ मिग्रॅ.) टाइप १ आणि २ दोन्ही अडवते, त्यामुळे घट ९० टक्क्यांवर जाते. लघवीच्या त्रासात मात्र एवढा फरक जाणवत नाही, म्हणून केवळ आकड्यावर भाळू नये.

खरा फरक शरीरात टिकण्याचा. फिनास्टेराइडचे अर्धायुष्य (रक्तातले औषध निम्मे होण्याचा काळ) ६ ते ८ तास, ड्युटास्टेराइडचे सुमारे ५ आठवडे. कामेच्छा घटली म्हणून ड्युटास्टेराइड थांबवले तरी परिणाम महिनोन्‌महिने रेंगाळतो. रक्तदानासाठी फिनास्टेराइडनंतर १ महिना थांबावे लागते, ड्युटास्टेराइडनंतर ६.

सगळ्यात घातक चूक पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाचा अंदाज घेणाऱ्या रक्तचाचणीची. सहाएक महिन्यांत दोन्ही औषधांनी पीएसए निम्मा होतो. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दाखवताना औषधाचे नाव सांगितले नाही, तर २.५ हा आकडा बिनधोक वाटेल. प्रत्यक्षात तो ५ धरायचा. औषध चालू असताना आकडा वाढू लागला तर लगेच दाखवावे.

ड्युटास्टेराइडची कॅप्सूल चावू नये, घसा चुरचुरतो. उकाड्यात ती मऊ पडते. गळकी कॅप्सूल किंवा फिनास्टेराइडची फुटलेली गोळी गर्भवतीने हाताळू नये. पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो.