इमेजमॅजिक : ईपीएसचा आयकन करताना कुठे वापरावं, कुठे नाही

लोगो छपाईसाठी केलेला, ईपीएस या छपाईच्या फाइल-प्रकारात; आणि हवी असते आयसीओ, म्हणजे विंडोजच्या आयकनची फाइल. अशा वेळी पहिलं नाव निघतं इमेजमॅजिकचं. चित्रांचे प्रकार बदलणारा हा प्रोग्राम फुकट आहे, एका ओळीच्या कमांडमध्ये काम उरकतं. ती ओळ चालतेही, पण हाती येणारा आयकन बहुधा धुरकट, नाहीतर भलत्याच रंगाचा असतो.

मुळात इमेजमॅजिक ईपीएस स्वतः वाचत नाही, घोस्टस्क्रिप्ट या पीएस-पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रामकडून वाचून घेतं. ते बसवलेलं नसेल तर गाडी तिथेच अडते. काही लिनक्स वितरणांत ते असूनही 'नॉट ऑथराइज्ड' अशी एरर येते, कारण सुरक्षेसाठी इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमध्ये पीएस, ईपीएस, पीडीएफ बंद करून ठेवलेले असतात. दुसरी मेख डेन्सिटीची, म्हणजे दर इंचाला किती पिक्सेल धरायचे (डीपीआय) त्याची. काही सांगितलं नाही तर ७२ डीपीआय धरलं जातं. एक इंची लोगोचे ७२ पिक्सेल होतात आणि २५६ पिक्सेलचा आयकन त्यातूनच ताणला जातो. डेन्सिटी १०२४ द्यावी आणि ती मूळ फाइलच्या नावाआधी लिहावी. नावानंतर लिहिली तर एरर येत नाही, फरकही पडत नाही.

त्यापेक्षा वाचायचं काम थेट घोस्टस्क्रिप्टला द्यावं. डिव्हाइस 'पीएनजीअल्फा' ठेवलं की मोकळी जागा पारदर्शक राहते. अक्षरं आणि आकृती यांचे अल्फाबिट्स (कडा मऊ करण्याची पातळी) ४ ठेवले की कडा दातेरी दिसत नाहीत. 'ईपीएसक्रॉप' विसरलात तर अख्खं पान रेंडर होतं आणि लोगो कोपऱ्यात कुठेतरी टिकलीएवढा उरतो.

फाइल मात्र आधी इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये उघडून साफ करावी. क्रॉप मार्क (कागद कापायच्या खुणा) आणि ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर सोडलेला जादा भाग) राहिलं तर तेही चौकटीत मोजलं जातं आणि लोगो लहान होतो. मागे पांढरा आयत लपलेला असतो, तो काढावा, नाहीतर गडद टास्कबारवर पांढरा ठोकळा दिसतो. पारदर्शकता फ्लॅटन केलेली (म्हणजे तुकड्यांत मोडून सपाट केलेली) असेल तर जोडांवर केसाएवढ्या रेघा उमटतात; तिथले तुकडे युनियन करून, म्हणजे एकत्र जोडून टाकावेत. सीएमवायके, म्हणजे छपाईचे रंग आपोआप बदलू देण्यापेक्षा पडद्यासाठीचे आरजीबी हेक्स कोड हाताने भरलेले बरे.

इमेजमॅजिक खरं उपयोगी पडतं ते शेवटी, आकार एकत्र बांधताना. 'ऑटो-रिसाइझ'ला २५६, ४८, ३२, १६ सांगितलं की चारही आकार एकाच आयसीओत बसतात. सोय मोठी आहे, पण १६ पिक्सेलचं चित्र तिच्यावर सोडू नये. एक इंची लोगोत १ पॉइंटची (इंचाच्या बहात्तराव्या भागाएवढी) रेघ १६ पिक्सेलला आणली की ०.२२ पिक्सेल जाडीची होते, म्हणजे काळ्या रेघेच्या जागी फिकट राखाडी डाग. १६ आणि ३२ पिक्सेलचे आकार वेगळे काढावेत: अक्षरं काढून टाकावीत, रेघ निदान १ पिक्सेलची करावी, कडा पिक्सेलच्या जाळीवर बसवाव्यात. मग चारही पीएनजी ओळीने देऊन आयसीओ करून घ्यावी. हे काम इमेजमॅजिक बिनतक्रार करतं.

विंडोजवर कमांड 'मॅजिक' या नावाने द्यावी. 'कन्व्हर्ट' नावाचा विंडोजचा स्वतःचा प्रोग्राम आहे, आणि तो डिस्कची फाइल सिस्टिम बदलण्यासाठी आहे!

तयार फाइल इमेजमॅजिकच्याच 'आयडेंटिफाय'ने तपासावी. चार आकारांच्या चार ओळी दिसायला हव्यात. 'पीएनजी' अशी एकच ओळ आली, तर कुणीतरी नुसतं एक्स्टेन्शन बदलून दिलेलं आहे.